हँडलचं लंडन : एका दिवसात, पण सोमवारी नको

अठराव्या शतकातला संगीतकार हँडल याचे ऑपेरा लंडनमधल्या ज्या थिएटरांत झाले, त्यांतलं एकही आज उभं नाही. हेमार्केटला १७११ साली ‘रिनाल्दो’ गाजला, पण तिथली आजची इमारत १८९७ची. कॉव्हेंट गार्डनला ‘आल्चिना’ हा ऑपेरा झाला, ते थिएटर १८०८मध्ये जळालं. दोन्ही बाहेरूनच पाहून घ्या. खरा वेळ ठेवायचा तो २५, ब्रूक स्ट्रीट या हँडलच्या घरासाठी.

बुधवार ते शुक्रवार यांतला दिवस धरा. सोमवारी फाउंडलिंग म्युझियम (टाकून दिलेल्या मुलांच्या जुन्या अनाथालयाचं संग्रहालय) बंद, रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबी पर्यटकांना बंद.

सुरुवात सकाळी ॲबीतून, तिकीट आधी ऑनलाइन काढून. पोएट्स कॉर्नरमध्ये, म्हणजे कवी-लेखकांच्या स्मारकांच्या कोपऱ्यात, जमिनीवर हँडलची शिळा, शेजारी डिकन्स. भिंतीवर शिल्पकार रूबिल्याकनं घडवलेला पुतळा. खालचं जन्मवर्ष वाचा : १६८४. जन्म २३ फेब्रुवारी १६८५चा. पण तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागे, फेब्रुवारी जुन्याच वर्षात धरला जाई, त्यामुळे हा घोळ.

वेस्टमिन्स्टरहून ज्युबिली लाइननं दुसरं स्टेशन बाँड स्ट्रीट; तिथून घर चालत पाच मिनिटं. १७२३ ते १७५९, मृत्यूपर्यंत हँडल इथेच राहिला. पहिल्या मजल्यावर पुढे तालमीची खोली, तिच्या मागे लेखनाची. १७४१मध्ये ‘मेसाया’ हा ऑरेटोरिओ (अभिनयाविना गायची धार्मिक संगीतरचना) २४ दिवसांत लिहिला तो इथेच. तालमीच्या खोलीत जरा थांबा : एवढ्याशा जागेत ‘आल्चिना’ची तालीम झाली. गायिका कुझोनीला खिडकीबाहेर फेकण्याची धमकी हँडलनं दिली, तो किस्सा मात्र या खिडकीला चिकटवू नका. तो ‘ऑत्तोने’च्या वेळचा, तो ऑपेरा जानेवारी १७२३मध्ये रंगमंचावर आला, हँडल इथे राहायला आला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात.

येण्याआधी ‘आल्चिना’तली दोन-तीन पदं ऐकून या. बहुतेक पदांची बांधणी अशी : पहिला भाग, मग वेगळा मधला भाग, मग पुन्हा पहिला. पण परतताना गायिकेनं स्वतःच्या जागा घ्यायच्या. नाट्यपदात ध्रुवपदावर येताना ताना पडतात, ते ज्याच्या कानात आहे त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही.

हॅनोव्हर स्क्वेअरजवळचं सेंट जॉर्ज चर्च हे हँडलचं नेहमीचं चर्च, वाटेत डोकावा. मग ग्रीन पार्कपर्यंत चालत जाऊन पिकॅडिली लाइननं रसेल स्क्वेअर. फाउंडलिंग म्युझियम पाचला बंद होतं, तेव्हा साडेतीनच्या आत पोचा आणि थेट वरच्या मजल्यावर जा. हँडलचं मृत्युपत्र तिथे आहे, आणि पाठीत स्पीकर बसवलेल्या आरामखुर्च्याही. दिवसभर चाललेल्या पायांना त्या खुर्च्या सोडवत नाहीत.