अंगण वाकडे कोणत्या रेखाटनात?

फोंडा तालुक्यातील जुन्या घरांची मापे घेऊन त्यांची रेखाटने करण्याचा मला छंद आहे, आणि तो जोपासताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: मधोमध राजांगण असलेले घर पर्स्पेक्टिव्हमधून, म्हणजे डोळ्याला दिसते तसे दूरचे लहान काढणाऱ्या रेखाटनातून, नीट सांगता येत नाही. पर्स्पेक्टिव्हला एक डोळा आणि त्या डोळ्याची एक ठरलेली जागा लागते. ती जागा दारासमोर धरली, तर दर्शनी सोपा आणि कौले दिसतात, पण अंगणाचा पत्ता लागत नाही. अंगणात धरली, तर तीन बाजूंची पडवी दिसते आणि घर हरवते. उंचावर धरली, तरी अलीकडची पडवी मोठी व पलीकडची लहान होते, आणि टेपने मात्र दोन्हींची रुंदी सारखी भरलेली असते.

या पद्धतीचे सामर्थ्य मला अमान्य नाही. इटालियन वास्तुविशारद आल्बेर्तीने 1435 मध्ये चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली, तेव्हापासून युरोपीय चित्रकाराचे कौशल्य पृष्ठभाग विसरायला लावण्यात मोजले जाऊ लागले. त्याचा खेळकर नमुना आपल्याकडे पणजीच्या कला अकादमीत आहे. चार्ल्स कोरिया यांच्या या वास्तूतील नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले होते. नाट्यगृहाला असा आभास शोभतो, कारण तेथे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. सुताराला किंवा गवंड्याला द्यायच्या कागदाला तो शोभत नाही.

अ‍ॅक्सोनोमेट्रिक रेखाटन कागदाचा सपाटपणा लपवत नाही. त्यात पाहणारा जणू अनंत अंतरावर असतो, त्यामुळे समांतर रेषा शेवटपर्यंत समांतर राहतात, दूरची वस्तू लहान होत नाही आणि पट्टी लावून माप घेता येते. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये त्याच्या आयसोमेट्रिक या प्रकाराची रीतसर मांडणी केली. व्याख्यानांत दाखवायच्या यंत्रांची जोडणी मदतनिसाला कागदावरून समजावी, ही त्यांची गरज होती. या पद्धतीत घनाकृतीकडे तिच्या कर्णाच्या दिशेने पाहिले जाते. लांबी, रुंदी आणि उंची यांचे अक्ष कागदावर एकमेकांशी 120 अंशांचा कोन करतात आणि तिन्ही मापे सारख्याच प्रमाणात, सुमारे 0.82 पट, आखूड होतात. सगळीच आखूड होत असल्याने बहुतेक जण ती पूर्ण मापानेच काढतात.

घरांसाठी मात्र आयसोमेट्रिक मला पटत नाही. त्यात चौरस अंगण समभुज चौकोन होऊन तिरके पडते, गोल विहीर लंबगोल होते आणि दीपस्तंभाचा अष्टकोन विस्कटतो. छपराची अडचण तर आणखी विचित्र आहे. उतार नेमका 45 अंशांचा असेल, तर पलीकडचा उतार आपल्या दृष्टीच्या रेषेतच येतो आणि अख्खी बाजू एका रेषेत मिटून जाते. संगणकावरील बहुतेक प्रणाली आयसोमेट्रिक दृश्य एका कळीवर देतात म्हणून ते लोकप्रिय झाले असावे, असा मला दाट संशय आहे.

त्याऐवजी मी प्लॅनच उचलतो. काढलेला नकाशा आहे तसा 45 अंशांत किंवा 30-60 मध्ये फिरवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि प्रत्येक कोपऱ्यातून सरळ वर उभी रेषा काढून भिंती उभ्या करायच्या. जमिनीवरचा काटकोन काटकोनच राहतो, विहीर गोलच राहते आणि अंगण वाकडे होत नाही. पूर्ण उंचीच्या भिंती डोळ्याला फार उंच भासतात, म्हणून काही जण उंची तीन-चतुर्थांश घेतात. मी ती पूर्ण ठेवतो, कारण मापाशी तडजोड करायची तर ही पद्धत निवडण्यात अर्थ उरत नाही. छपराच्या तिरक्या कडा मात्र थेट मोजता येत नाहीत. आढ्याची जागा आधी प्लॅनवर शोधावी लागते, तेथून उंची उभारावी लागते आणि मगच कौलांच्या कडा जोडता येतात. अंगण आणि खोल्या दिसाव्यात म्हणून सगळे छप्पर उचलून त्याच उभ्या रेषांवर वर तरंगत ठेवावे लागते.

गोव्याचे असे एक जुने चित्रणही आहे. आर्चबिशपचा चिटणीस म्हणून येथे राहिलेल्या डच प्रवासी लिन्सखोतेनच्या 1596 च्या ग्रंथात गोवा शहराचा नकाशा आहे. त्यात रस्ते वरून पाहिल्यासारखे पसरले आहेत आणि घरे त्यांवर उभी आहेत. पुढे फ्रेंच वास्तु-इतिहासकार ओग्युस्त श्वाझी यांनी 1899 मध्ये प्लॅन खालून दाखवून त्यावर खांब आणि घुमट उभारले. 1923 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डच चित्रकार थिओ व्हान दूसबुर्ख आणि वास्तुविशारद कॉर्नेलिस व्हान एस्तेरेन यांनी घरांच्या भिंती रंगीत पट्ट्यांसारख्या मोकळ्या मांडल्या, तेव्हा रेखाटनाची रीत स्वतःच वास्तुविचार झाली. त्या चित्रांत दर्शनी बाजू कोणती आणि मागची कोणती, हे ठरवताच येत नाही.

सपाटपणा मान्य करण्याची किंमतही आहे. सावली नसेल, तर तुळशी वृंदावनाचा उंच चौथरा आणि राजांगणाचा खोलगट चौक यांच्या रेषा जवळजवळ सारख्या दिसतात, आणि बघता बघता उंचवटा खड्डा होतो. एल लिसिट्झकी आणि योझेफ आल्बर्स यांनी या उलटापालटीतून चित्रे घडवली, पण घराच्या नोंदीत तोच दोष ठरतो. म्हणून मी जमिनीपासून वर आलेल्या वस्तूंची बाह्यरेषा जाड काढतो, खाली उतरणाऱ्या पायऱ्यांना बारीक रेषा देतो आणि शेजारी अंगणातून जाणारा एक सेक्शन, म्हणजे उभा छेद, त्याच मापात जोडतो.