वाळलेली आणजो

रात्रीचे साडेअकरा. आमच्या नागपूरची मारबत झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओरडून रोगराई घालवायची असते ती, घरचे सगळे झोपले, खाली रस्त्यावर दोन-चार पोट्टे अजून बोंबलून राहिले, आणि मी गच्चीवर मोबाईल घेऊन बसलोय कारण परवापासून एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाही राहिली. लिहून पाहतो, लिहिलं की निघेल कदाचित.

तसं झालं काहीच नाही. पोळ्याला दाराला लावायला आईला पळसाच्या फांद्या पाहिजे होत्या, बाजारात जुडी मिळते पण तिला ताजी तोडलेलीच लागते, म्हणून ऑफिसातून आल्यावर चिऊला अ‍ॅक्टिव्हावर मागे बसवलं आणि बेसा-पिपळा रोडने पुढे निघालो. तिकडे अजून थोडे प्लॉट रिकामे आहेत, एक नाला आहे, त्याच्या काठाला पळस आहे हे माहीत होतं. पळस मिळाला. पण पळसाच्या अलीकडे अख्खा काठ बेशरमने भरलेला, पाऊस होऊन गेलेला, आणि ती फिक्कट जांभळी भोंग्यासारखी फुलं जिकडेतिकडे. चिऊ म्हणे बाबा किती मस्त फुलं, काय नाव याचं? मी नाव सांगितलं तर तिला खरंच वाटेना. मग मी सांगत बसलो, की कुठेही काडी खुपसली तरी जगते, ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, बकऱ्यांनी खाल्लं तर त्यांना बाधते, म्हणून गावाकडे कुंपणाला लावतात.

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माझा उजवा हात त्या झाडांतून फिरून राहिला. एक काडी पकडली, वाकवली, सोडली. दुसरी पकडली, वाळलेली होती, सोडली. तिसरी बरोबर निघाली. हिरवी, सरळ, करंगळीपेक्षा जाड, अंगठ्यापेक्षा बारीक, मधे फाटा नाही. हाताने ती मोडलीसुद्धा. दोन बोटांत धरून खालपासून वरपर्यंत एका झटक्यात पानं ओरबाडली, बोटांना तो पांढरा चीक लागला, आणि मी ती काडी हवेत एकदा फिरवून पाहिली. सूंऽ आवाज झाला.

चिऊने विचारलं, बाबा, हे काय करून राहिला?

मी म्हटलं, काही नाही गं.

1996 ला मी सातवीत होतो. आमच्या शाळेच्या मागे असाच नाला होता, आणि गणिताच्या सरांना काडी आणून द्यायचं काम माझं. मॉनिटर होतो म्हणून नाही, मॉनिटर वेगळा होता. पहिल्यांदा सरांनी सहज म्हटलं जा रे एक काडी तोडून आण, मी आणली, ती त्यांच्या पसंतीला उतरली, मग ते कायमचंच झालं. तास सुरू व्हायच्या आधी मागच्या भिंतीवरून उडी मारून जायचं, निवडायची, पानं काढायची, हाताचा चीक खाकी पँटला पुसायचा आणि टेबलावर आणून ठेवायची. सर हवेत फिरवून पाहायचे आणि म्हणायचे, शाबास. मला त्या शाबासकीचा किती आनंद व्हायचा हे लिहायला आज हात धजावत नाही, पण लिहितो, व्हायचा. वर्गातून बाहेर जायला मिळायचं, सगळे बघायचे, सर नावाने हाक मारायचे.

मार बहुतेक भुऱ्यालाच. बाकीच्यांना पण बसायचा पण भुऱ्याला रोज. पाढे यायचे नाहीत त्याला, सतराचा पाढा तर नाहीच नाही. हात पुढे करायच्या आधी तो दोन्ही तळवे डोक्यावर चोळायचा, केसांचं तेल लागलं की कमी लागते अशी आमच्यात समजूत होती. मार खाल्ल्यावर हात काखेत दाबून जाग्यावर जाऊन बसायचा आणि पेन पकडता यायचा नाही म्हणून पुढचा तास काही लिहायचा नाही. मग पुढच्या तासाच्या बाई लिहिलं नाही म्हणून बेंचवर उभं करायच्या.

एक दिवस मी भिंतीवर चढून राहिलो होतो तर तो मागून आला, म्हणे, "वाळलेली आणजो ना बे."

एवढंच. वाळलेली काडी पहिल्या फटक्यातच मोडते, हे त्याला माहीत होतं, मला पण माहीत होतं. मी हो म्हटलं. आणि हिरवी आणली. कारण मागच्या आठवड्यात चुकून जरा सुकी आणली होती तेव्हा सर म्हणाले होते, हे काय आणलंस, लक्ष कुठं असते तुझं? तेवढ्या एका वाक्याची भीती. त्याला चार फटके जास्त बसले तरी चालतील पण सरांनी मला तसं परत म्हणू नये. भुऱ्याने हात पुढे करताना माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं.

दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. मारामुळे नाही आला असं मी म्हणत नाही, त्याच्या घरचं पण बरंच काही होतं. मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं पण नाही. 

आता हे सगळं परवाच का वर आलं, तर त्या ग्रुपमुळे.

मागच्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एका आईने फोटो टाकला होता. नववीतला मुलगा, पोटरीवर स्केलचे दोन वळ, लाल आणि कडेला निळसर. तास चालू असताना बोलला म्हणून. खाली मेसेजचा पूर. फोटो ग्रुपवर टाकायची काय गरज होती, सरांशी डायरेक्ट बोलायचं. आजकालचे पोट्टे मास्तरले भ्यूनच नाही राहिले. आमच्या वेळी तर घरी येऊन सांगितलं की घरी पण दोन बसायच्या. आमचे बाबा तर शाळेत सांगूनच यायचे, हाडं आमची चामडी तुमची. कोणीतरी कायदा काढला, तर दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं की आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, चौदा वर्षांपर्यंतच आहे, नववीला लागू होत नाही. आणि मग एकाने लिहिलं, "आम्हीपण मार खाल्ला, म्हणूनच आज माणसात आहो." त्याला सतरा अंगठे.

त्या सतरात एक माझा आहे.

चहा पिता पिता दिला होता. विचार न करता. वाचलं, बरोबर वाटलं, अंगठा दिला, पुढे गेलो. त्या बाईने अंगठे उघडून पाहिले असतील का, कोणाकोणाचे आहेत ते? मी असतो तर पाहिले असते.

नाल्यावरून परत येताना चिऊने मागून विचारलं, बाबा तू शाळेत मार खायचा का? आणि मी पटकन म्हटलं, हो मग, खूप. म्हटल्यावर लगेच मला कळलं की हे खोटं आहे. घरी येऊन मी खरंच मोजलं. पहिली ते दहावी, तीन वेळा. एकदा चौथीत वही विसरलो, एकदा पीटीच्या तासाला अख्ख्या रांगेला, आणि एकदा आठवीत, ते माझ्या चुकीने. तीनदा. आणि मी त्या सतरा लोकांत उभा राहून सांगून राहिलो की आम्ही मार खाल्ला. कोण आम्ही? मी त्या आम्हीत नव्हतोच, मी काडी आणणारा होतो. ज्याने खरा मार खाल्ला तो या ग्रुपवर नाही ना, त्याचा मेसेज येणार कुठून. त्या दिवसापासून हेच डोक्यात घोळून राहिलं. मार खाऊन घडलो हे सांगायला जे उरले त्यांचंच आपण ऐकतो, आणि त्यातले पण माझ्यासारखे किती असतील ज्यांना मार बसलाच नाही, फक्त समोर बसून पाहिला, आणि आपल्यावर नाही आला म्हणून हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं म्हणजेच शिस्त असं समजून मोठे झाले.

काल पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्यावर सगळे पडले होते तेव्हा मी तो कायदाच वाचून काढला. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 17. एका ओळीचं आहे, कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास द्यायचा नाही, आणि खाली दुसरी ओळ, दिला तर सेवानियमांनुसार कारवाई. हो, तो कायदा सहा ते चौदाचा आहे हे खरं. पण बाल न्याय कायदा 2015 चा आहे, त्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालचं, आणि कलम 75 म्हणते की ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याच्याशी क्रूर वागलं तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नववीचं पोर काही मोकळं सोडलेलं नाही. आणि कायदा राहू द्या बाजूला, काल तेरा वर्षं अकरा महिन्यांचा होता तोवर मारायचं नाही आणि आज वाढदिवस झाला की चालते, हे कोणत्या आईला पटेल?

राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या सूचना पण वाचल्या. त्यात शारीरिक शिक्षेत काय काय येते ते लिहिलं आहे आणि ती यादी म्हणजे आमचं वेळापत्रक. बेंचवर उभं करणं, दप्तर डोक्यावर घेऊन उभं करणं, गुडघे टेकवणं, पायातून हात घालून कान धरणं, म्हणजे आपला कोंबडा. वाचता वाचता एकेक चेहरा आठवत गेला. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये अभ्यास केला होता, 13 राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांना विचारलं होतं, शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांतल्या दोघांनी सांगितलं की शाळेत मार बसतो. तीनात दोन. मी तिसरा. आणि त्या तिसऱ्याला कोणी विचारलं का, की तू काय करत होतास?

वहिनी कालच घरी आल्या होत्या, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "भाऊजी, मी पण मारलंय सुरुवातीला. साठ पोरं, एक खोली, गळा बसून जायचा. मग मारू नका म्हणून पत्र आलं. पण त्याच्या जागी काय करायचं ते कोणी नाही सांगितलं, ते आमचं आम्हालाच शोधावं लागलं." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वर्गात एक पोरगा दर पाच मिनिटाला उठायचा, त्याला त्यांनी वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम दिलं. वेळ लागतो म्हणाल्या, महिना-दीड महिना लागतो, छडीने दोन मिनिटांत होतं, फरक एवढाच. मला त्यांचं पटलं. मास्तर लोकांची पण दशा आहे, जनगणना त्यांच्याकडे, निवडणूक त्यांच्याकडे. पण तरी. त्या दोन मिनिटांची किंमत भुऱ्याने दिली. ती देणारा दर वर्गात एक ठरलेला असतो आणि तो कोण हे सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळते.

मधे मला माझीच खूप कीव येऊन गेली, खोटं कशाला बोलू. की बारा वर्षांचं पोर होतो, सरांनी सांगितलं ते केलं, माझा काय दोष, एवढी वर्षं झाली आणि आजच का मला ही शिक्षा. हिला सांगायला गेलो तर ही म्हणे झोपा आता, तुम्हाला काही पण लागून जाते. काल रात्री बराच वेळ तसाच पडून होतो. मग वाटलं, ठीक आहे. होतो मी काडी आणणारा. बारा वर्षांचा होतो हे पण खरं आणि हो म्हणून हिरवी आणली हे पण खरं, दोन्ही राहतील. पण अंगठा काही मी बाराव्या वर्षी दिला नाही, तो मागच्या आठवड्यात दिला.

आज पहाटे आईने उठवलं, दाराच्या फांद्या काढल्या, चिऊ डोळे चोळत सोबत आली. कोपऱ्यापर्यंत ओरडत गेलो, रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. चिऊ जोरात ओरडली, स्केल घेऊन जा गे मारबत. मी वळून पाहिलं. म्हटलं चिऊ, तुझ्या वर्गात? ती म्हणे, माझ्यावर नाही बाबा, मी चांगली आहे, तो एक आहे ना, त्याच्यावर. तिने नाव सांगितलं. पुढे मला ओरडता आलं नाही.

आता वर येऊन मी अंगठा काढला. काढलेला कोणाला दिसत नाही, त्याने काय होते. मग तो सगळा ग्रुप खालपासून वरपर्यंत परत वाचला. शंभरच्या वर मेसेज. कायदा आहे, संस्कार आहे, आमचा काळ आहे, मास्तरांची इज्जत आहे. एकानेही त्या पोराचा पाय कसा आहे हे विचारलेलं नाही. एकाने पण नाही, मी पण नाही.

एवढ्या रात्री बरं दिसणार नाही असं वाटलं, तरी त्या ताईंना वेगळा मेसेज केला. ताई, मी चिऊचे बाबा, त्या मेसेजला अंगठा दिला ते चुकलं माझं, मुलाचा पाय आता कसा आहे?

जाग्याच होत्या. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"सूज उतरली भाऊ. पण सोमवारी शाळेत नाही जात म्हणून राहिला."