रोटरी हॅमरने लोखंडात भोके पाडण्याचा माझा अनुभव

गच्चीवरील टाकीच्या स्टँडलाच सोलर हीटरची चौकट बोल्टने जोडायची असल्यामुळे, जागेवर वेल्ड केलेल्या ५० × ५० × ६ मि.मी. एम.एस. (मऊ पोलादाच्या) अँगलमध्ये १० मि.मी. बोल्टसाठी ११ मि.मी.ची भोके पाडणे भाग होते. स्टँड वर्कशॉपमध्ये नेता येणार नव्हता आणि फॅब्रिकेटर गॅसने भोके पाडून द्यायला तयार असला तरी तशा भोकाची कड वेडीवाकडी होते, म्हणून मी नकार दिला. घरात भिंतींसाठी घेतलेला रोटरी हॅमर, म्हणजे बिट फिरवतानाच त्याला ठोके देणारे ड्रिल मशीन, होता. हार्डवेअरच्या दुकानदाराने एसडीएस (रोटरी हॅमरच्या खाचेच्या पकडीत बसणाऱ्या) अ‍ॅडॅप्टरवर बसवलेला १३ मि.मी.चा चक, म्हणजे साधे बिट आवळून धरणारा जबडा, हातात देऊन सांगितले, "हॅमर बंद करा आणि पाडा भोक, बाकी काही लागत नाही."

त्या "बाकी काही लागत नाही"चा राग अजून गेलेला नाही. हॅमर बंद करणे, म्हणजे ठोके थांबवून बिट नुसते फिरवणे, आवश्यकच आहे, कारण काँक्रीट ठोक्याने फुटते, लोखंड मात्र धारेने कापावे लागते; ठोक्यांनी बिटची धारच मरते. परंतु खरी अडचण त्यानंतर सुरू होते. एसडीएस प्लस या प्रकारची १० मि.मी.ची दांडी पकडीत मुद्दाम सैल ठेवलेली असते, जेणेकरून ठोका बसताना ती पुढे-मागे सरकू शकेल. काँक्रीटमध्ये उपयोगी पडणारा हा सैलपणा अ‍ॅडॅप्टरमध्ये तसाच उतरतो, आणि त्यापुढे चक व बिट यांची लांबी वाढल्यामुळे टोकापाशी तो कितीतरी अधिक जाणवतो. बिट सेंटर पंचने ठोकून केलेल्या खळीतून निसटत होते, रंगावर ओरखडे उठत होते आणि धार एका जागी न टिकता नुसती घासत असल्यामुळे कीस न निघता भुकटी पडत होती. जोर वाढवला की बिट वाकू लागे, जोर कमी केला की टोक पुन्हा भटके. दुकानात परत विचारायला गेलो, तर मशीन जुने झाले असेल, असे उत्तर मिळाले. मशीनमध्ये काहीही दोष नव्हता.

मार्ग निघाला तो लोखंडी पट्टीच्या एका तुकड्यामुळे. ओळखीच्या वर्कशॉपमधील पिलर ड्रिलवर (खांबावर घट्ट बसवलेल्या ड्रिलवर) त्यात ५ मि.मी.चे सरळ भोक पाडून घेतले आणि ती पट्टी दोन सी-क्लॅम्पनी अँगलवर घट्ट आवळली. पट्टीच्या भोकाने बिटला आधार दिल्यावर टोकाला भटकायला जागाच उरली नाही आणि कटिंग ऑइलच्या थेंबांसह पहिल्यांदा अखंड, वळणदार कीस बाहेर आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पायलट होल, म्हणजे वाट दाखवणारे हे लहान भोक, पडल्यावर ११ मि.मी.चे एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे) बिट त्याच वाटेने गेले.

वेगाबद्दल सांगायचे राहिले. मऊ पोलादासाठी धारेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरला, तर ११ मि.मी.च्या बिटला मिनिटाला साधारण ७२५ फेरे पुरतात. त्यामुळे हजाराच्या आसपास फेरे देणाऱ्या या मशीनवर ट्रिगर पूर्ण दाबू नये. ५ मि.मी.च्या बिटला जवळजवळ १६०० फेरे हवे असतात आणि ते इथे मिळत नाहीत, म्हणून पायलटला वेळ लागतो. तिथे घाई करून बिट मोडू नये. भोक आरपार जाण्याच्या क्षणी जोर काढून घ्यावा, अन्यथा बिट अडकून मनगटाला हिसका बसतो. चष्मा हवाच, पण सैल हातमोजे घालू नयेत.

अ‍ॅडॅप्टर घेताना चकच्या आतला स्क्रू आहे का, हे दुकानातच पाहावे. तो नसेल तर अडकलेले बिट काढण्यासाठी मशीन उलटे फिरवताच चक सुटून येतो. ज्यांना हे काम वारंवार करायचे आहे, त्यांनी एसडीएसची पकड काढून तिथे थेट साधा चक बसवता येणारे मशीन निवडावे, कारण त्यात डगमग बरीच कमी असते. भोकांच्या कडा कानशीने घासून उघड्या लोखंडाला लगेच रेड ऑक्साइड लावावा.