काटोलच्या संत्रा बगीच्यात जानेवारीअखेर: वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

बाहेरगावच्या पाहुण्यांना संत्र्याचा बगीचा दाखवण्याचा बेत नागपूरकर बहुधा नाताळच्या सुट्टीत आखतात आणि तेथे पोहोचल्यावर बरीचशी झाडे आधीच तोडून मोकळी झालेली पाहून हिरमुसतात. आपल्याकडे संत्र्याचे प्रामुख्याने दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, घेतले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडला जातो, तर पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतो. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी आंबियाची तोड जवळपास आटोपलेली असते आणि मृगाचे फळ अजून हिरवे व आंबट असते. आम्ही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाला जोडून गेलो. बगीचा आणि स्वयंपाकघर या दोहोंचा विचार केला, तर वर्षातला हाच काळ सर्वांत भरगच्च आहे, असे माझे मत झाले आहे.

आमचे मुक्कामाचे ठिकाण काटोल तालुक्यातील एका कुटुंबाचे शेत होते. काकाजी आणि काकू, त्यांचा मुलगा आणि सून असे सारे शेतावरच राहतात. हंगामात ओळखीतून येणाऱ्या मोजक्या पाहुण्यांसाठी त्यांनी घरालगतच्या दोन खोल्या राखल्या आहेत. नागपूरहून काटोल साधारण ६० किलोमीटर आहे. स्वतःच्या वाहनाने काटोल नाक्यावरून फेटरीमार्गे निघाल्यास दीड तास पुरतो. गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी मिळते, आणि काटोल हे नागपूर-इटारसी मार्गावरील रेल्वे स्थानक असले, तरी तेथे सर्वच गाड्या थांबत नसल्यामुळे वेळापत्रक आधी पाहावे. काटोलपासून पुढचा टप्पा मात्र पांदण रस्त्याचा असतो. काळ्या मातीतला हा रस्ता हिवाळ्यात कोरडा व टणक असतो, परंतु पावसाळ्यात त्यावर चारचाकी घालण्याचे धाडस करू नये. मोटार गावातच उभी करून यजमानांना बैलबंडी किंवा ट्रॅक्टर आणायला सांगणे अधिक शहाणपणाचे ठरते.

शेतावर पोहोचताच पुण्याहून आलेल्या माझ्या बहिणीचे लक्ष गेले ते घराच्या डाव्या बाजूच्या मलूल झाडांकडे. पाने निस्तेज झालेली, काही गळून आळ्यात पडलेली, आणि माती भेगाळलेली. शेजारच्याच तुकड्यात झाडे हिरवीगार असून त्यांवर केशरी छटा धरू लागलेली फळे लटकत होती, त्यामुळे एकीकडे पाणी आणि दुसरीकडे दुष्काळ, असा भेदभाव कशासाठी, हा तिचा प्रश्न स्वाभाविक होता. काकाजींनी सांगितले, की तो तुकडा आंबियासाठी राखला असून त्याला डिसेंबरपासून ताण दिला आहे, म्हणजे त्याचे पाणी तोडले आहे. ‘‘पाणी देत राहिलो तर झाड नुसता पाला काढते, तहान लागली का मंग त्याले फुलाची आठवण येते,’’ असे ते म्हणाले.

ताणाचा हिशेब मला या संपूर्ण भेटीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटला. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहिल्यामुळे तो बसायला कितीतरी अधिक दिवस लागतात, आणि फार खोल काळ्या जमिनीत तर तो नीट बसतच नाही. कमी पडला तर फूल तुरळक येते, अधिक झाला तर झाड खचते व फांद्या वाळू लागतात. पानांचा रंग आणि गळ पाहून दिवस ठरवावा लागतो, आणि ताण तोडताना खत घालून पहिले पाणी हलकेच द्यावे लागते. त्यानंतर काही आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. मृगासाठी हाच खेळ मे महिन्याच्या उन्हात खेळला जातो. तेथे ताण तोडण्याचे काम पावसावर सोपवलेले असल्याने पाऊस लांबला, की विहिरीच्या पाण्यावर सारी भिस्त येते. आम्ही गेलो तेव्हा पहिले हलके पाणी दोनच ओळींना देऊन झाले होते. फुलांचा सुवास घ्यायचा असल्यास फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडावा. तेव्हा एका तुकड्यात फूल आणि दुसऱ्यात पिकलेले फळ, असे दोन्ही एकाच शेतात सापडण्याची शक्यता असते.

पाणी देण्याची वेळ शेतकऱ्याच्या हातात नसते, हे मुक्कामी राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कृषिपंपांना तीन फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि पाळीनुसार ती कधी दिवसा, तर कधी रात्री येते. आमच्या वेळी रात्रपाळी असल्यामुळे मध्यरात्री पंपाची मोटार सुरू झाल्याचा आवाज झाला आणि मुलगा टॉर्च घेऊन ओळीत उतरला. यजमान सकाळी उशिरा उठले किंवा चहाला वेळ लागला, तर त्यामागे असे कारण असू शकते. रात्री पाहुण्यांनी एकट्याने बगीच्यात फिरू नये. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात येतात, त्यांच्यासाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जागल असते, आणि अंधारात हालचाल दिसली तर जागलीवरचा माणूस ती माणसाची आहे, असे गृहीत धरत नाही.

झाडे वीस बाय वीस फुटांवर लावलेली आहेत, म्हणजे एकरी सुमारे १०८. जुन्या झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो मलम लावलेला असल्याने ते निळसर-पांढरे दिसतात. लहान मुले त्यावर हात लावून पाहतात, तो लावू देऊ नये. हा लेप डिंक्या रोगापासून बुंध्याचे रक्षण करतो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जमिनीत हा रोग आख्खी बाग बसवू शकतो. नव्या तुकड्यातील कलमे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून आणलेली असून ती जंभेरीच्या खुंटावर बांधलेली आहेत. खुंटावर फुटणाऱ्या काटेरी पानसोटांपासून पाय वाचवायचे असतील, तर चपला न घालता पूर्ण बूट घालावेत. या लहान झाडांच्या ओळींमध्ये पाच-सहा वर्षे, म्हणजे फळ धरेपर्यंत, भाजीपाला आणि हरभरा घेतला जातो, आणि काकूंचे स्वयंपाकघर चालते ते मुख्यतः या पट्ट्यावर.

जेवणाविषयी आधी एक खुलासा करतो. नागपूरकडचे जेवण म्हणजे सावजीचा तिखट रस्सा, अशी समजूत घेऊन येणाऱ्यांची शेतावर निराशा होईल. घरचे जेवण सौम्य नसते, पण त्यातले तिखट सोबतीला असते. पहिल्या रात्री तुरीच्या सोल्यांची भाजी होती. ओल्या तुरीच्या शेंगा दुपारभर अंगणात बसून सोलल्या गेल्या, त्या कामात पाहुण्यांनाही सामील करून घेतले गेले, आणि पुण्याच्या मुलांनी सोलले त्यापेक्षा अधिक खाल्ले. सोले थोड्या तेलावर परतून पाट्यावर जाडेभरडे वाटायचे, लसूण, जिरे आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत कांदा लालसर करून त्यात हे वाटण घालायचे, गरम पाणी सोडून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजू द्यायचे, आणि वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्यासोबत ज्वारीची भाकर आणि कांदा. तुरीचे ओले सोले डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. फेब्रुवारीत शेंग वाळू लागल्यावर या भाजीची चव उतरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बगीच्याच्या कडेला रोडग्यांचा बेत झाला. जाड दळलेल्या गव्हाच्या पिठाचे, आतून तेल लावून पदरावर पदर चढवलेले हे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, मग राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवून वरण व वांग्याच्या भाजीसोबत खातात. भाजायला दीड-दोन तास लागतात आणि त्या काळात घाई करून काहीच साधत नाही. सकाळी भरपेट पोहे खाल्लेल्या माणसाला एक रोडगा पुरेसा होतो, म्हणून ज्या दिवशी रोडगे असतील त्या दिवशी न्याहारी हलकी ठेवावी. संध्याकाळी हरभऱ्याचा हुळा भाजला गेला. याखेरीज सांबारवडी, मेथी, वाटाणे घातलेली खिचडी असे पुष्कळ काही झाले, पण माझ्या मते सोल्यांची भाजी या सर्वांवर मात करते.

स्वयंपाक चुलीवर आणि घरच्या माणसांच्या हातून होत असल्यामुळे किती जण जेवणार, हे आदल्या दिवशी कळवणे अत्यावश्यक आहे. ऐन वेळी चार माणसे वाढली, तर काकू काही बोलणार नाहीत, परंतु सुनेला पुन्हा पीठ मळायला बसावे लागते. राहण्या-जेवणाचे पैसे आधी फोनवर स्पष्ट ठरवावेत आणि रोख जवळ ठेवावेत, कारण मोबाइलचे नेटवर्क शेतात भरवशाचे नसते. उन्हाळ्यात येण्याचा विचार असेल, तर एप्रिलमध्ये कुरडया आणि सरगुंड्यांचे (काडीवर वळलेल्या शेवयांचे) वाळवण पाहायला मिळते व पुढे आंब्याच्या रसासोबत सरगुंडे खायलाही मिळतात. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी दहानंतर घराबाहेर पडवत नाही. जानेवारीत याच्या उलट, दिवसा उन्हात टोपी लागते आणि रात्री तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. शाल आणि मोजे न्यावेत, पांघरुणे यजमानांकडे पुरेशी असतात.

आता फळे तोडण्याविषयी. बहुतेक पाहुण्यांना हे ठाऊक नसते, की बगीच्यातले फळ अनेकदा शेतकऱ्याचे राहिलेलेच नसते. व्यापारी फळ झाडावर असतानाच संपूर्ण बगीचा ठरवून घेतो, विसार देतो, आणि त्यानंतर तोडीपर्यंत फळाचा मालक तो असतो. अशा झाडाचे संत्रे तोडून खाण्याची परवानगी काकाजी भिडेपोटी देतीलही, पण ती मागून त्यांना अडचणीत टाकणे योग्य नव्हे. आमच्या यजमानांनी विहिरीजवळची काही झाडे सौद्यातून वगळून घरासाठी ठेवली होती. आपल्या हाताने फळ तोडण्याची इच्छा असल्यास, अशी झाडे आहेत काय, हे येण्याआधीच विचारावे. फवारणी केव्हा झाली आहे, हेही न विचारता फळ तोंडाला लावू नये, आणि विचारल्यानंतरसुद्धा ते धुवावे.

नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने फळ ओढून तोडले, की देठाजवळची साल फाटते आणि असे फळ दोन-तीन दिवसांत सडू लागते. म्हणून कात्रीने, देठाचा किंचित भाग ठेवून कापावे. फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले असतात, त्यांना धक्का लावू नये. आपल्या हाती आलेले फळ आंबट निघाले, तर घरी ठेवून ते गोड होईल, या आशेवर राहू नये. आंबा तोडल्यानंतर पिकतो, तसे संत्रे पिकत नाही. रंगावरही फार भिस्त ठेवू नये. आंबियाचे फळ हिरवट-पिवळे असतानाच खाण्याजोगे होऊ शकते, आणि मृगाचे फळ हिवाळ्यातल्या थंड रात्रींमुळे रंगाने उठून दिसते. चवीला मृग अधिक गोड लागतो, असे काकाजींचे म्हणणे आहे. आम्ही चाखलेली फळे तोडीला अजून पंधरवडा असल्याने किंचित आंबटसर होती, तरी मला ती आवडली.

तोडीला आलेल्या स्त्रिया रोजावर किंवा ठेक्यावर काम करतात. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत आणि त्यांच्या ओळीत मध्ये उभे राहू नये.

परतताना वेळ असल्यास काटोलजवळच्या पारडसिंगा येथील अनसूया मातेचे मंदिर पाहून घ्यावे. कळमेश्वरकडून येणार असाल, तर चंद्रभागेकाठचे धापेवाड्याचे विठ्ठल मंदिर आणि अदासा येथील गणपती ही दोन्ही ठिकाणे वाटेला थोडा वळसा घालून होतात. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास धापेवाड्याला प्रचंड गर्दी असते, इतर दिवशी तेथे निवांतपणा मिळतो.

घरी नेण्यासाठी संत्री घेणार असाल, तर प्लास्टिकची बंद पिशवी टाळावी. हवेशीर क्रेटमध्ये खाली तणस घालून, फळांचे तीनपेक्षा अधिक थर न रचता ती न्यावीत, आणि मोटारीच्या डिकीत उन्हात कोंडून ठेवू नयेत. थंडीच्या दिवसांत ती साधारण आठवडाभर टिकतात. शेतावर घेतलेला भाव बाजारापेक्षा कमी असेलच असे नाही, कारण व्यापारी आख्ख्या बगीच्याचा भाव करतो आणि पाहुण्याला निवडक फळ हवे असते. ज्यांना उलाढालच पाहायची आहे, त्यांनी मृगाच्या तोडीच्या काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी लवकर नागपूरच्या कळमना बाजारात जावे. तेथे संत्र्याचा लिलाव होतो, दुपारी जाऊन काही हाती लागत नाही.