थे हे... पाणी वापस जाऊ देत नाही थे

मागच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, लाईन रात्रीची, मोटर सुरू केली तर पाणीच उचलेना. पाईपात बकेटीनं पाणी ओता, काठोकाठ भरा, अन् स्टार्टर दाबेपर्यंत सगळं भसकन खाली विहिरीत. बिघाड कुठं आहे ते कळलं. सकाळी तालुक्याच्या दुकानात गेलो, काउंटरसमोर उभा राहिलो अन् शब्दच गायब. जिभेवर आहे, फु का काहीतरी, पण निघेना. मागं चार गिऱ्हाईक उभे.

पहिले तर सगळे करतात तेच केलं. "भाऊ, थे द्या न थे... हे, मोटरचं." दुकानदार नुसता पाहून राहिला, मोटरच्या सामानानं त्याचं अर्धं दुकान भरलेलं. मग म्हटलं नाव मरू दे, काम सांगू. "विहिरीत पाईपाच्या बुडाशी बसते, खाली जाळी असते, आत झाकणी, पाणी वर येऊ देते पण वापस जाऊ देत नाही." माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो आतून घेऊनही आला. "फुटबॉल म्हणा न राजेहो!"

हो, फुटबॉल. डब्यावर फूट वॉल्व्ह लिहिलेलं असते पण आमच्या गावात तसं म्हटलं तर लोक हसतील. मग त्यानं विचारलं, दोन इंची का अडीच? आता हे काही गोल फिरून सांगता येत नाही, मी बोटांनी माप दाखवलं, दोनचा घेऊन आलो अन् आमचा पाईप निघाला अडीचचा. पुन्हा तालुका.

तरी गोष्ट खरी आहे की "थे हे" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं, अन् काम सांगितलं की समोरचा अर्ध्या रस्त्यात येऊन भेटते. काम सांगा, मग जागा सांगा, दिसते कसं ते शेवटी, रंग तर सांगूच नका, दुकानात अर्धं सामान काळंच असते. पुण्याला नवा होतो तेव्हा भाजीवाल्या मावशींना सांभार मागितला होता, त्यांनी हाटेल दाखवलं. तिथं तर शब्द मला पक्का माहीत होता, त्यांनाच नव्हता. "वरणावर बारीक चिरून टाकतात" म्हटल्यावर कोथिंबिरीची जुडी हातात आली.

ब्राऊन अन् मॅकनील नावाच्या दोघांनी १९६६ साली जिभेवर येऊन अडकणाऱ्या शब्दांवर एक अभ्यास छापला होता, हार्वर्डकडच्या पोरापोरींना कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे अन् शब्द ओळखायला सांगायचं. जे अडकले त्यांनाही बरेचदा पहिलं अक्षर सांगता यायचं. माझा 'फु' त्यातलाच. पण पहिलं अक्षर दुकानदाराच्या काय कामाचं?

शब्द न घेता सांगायच्या कामात आमची आजी सगळ्यांची उस्ताद. तिनं जन्मात आजोबाचं नाव घेतलं नाही. तहसिलीत बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं की म्हणे, "ज्याले बेल वाहतात, थे." बाबू लिहून घे. रात्री सापालाही साप नाही म्हणायचं, लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर. म्हणजे शब्द तोंडात असूनही बाजूनं जायची तिला साठ वर्षांची सवय.

मग दोन वर्षांखाली लकवा मारला. हात सुधरला, पण शब्द गेले. अफेझिया म्हणतात त्याला. चहा पाहिजे तर "थे... सकाळचं... गरम" म्हणे. आम्ही लगेच "चहा का?" करून मोकळे होत होतो, थेरपिस्ट बाईंनी आम्हालाच दटावलं. त्यांना बोलू द्या, म्हणे, वस्तूचं काम काय, राहते कुठं, दिसते कशी, हे विचारत जा, असं आजूबाजूचं बोलता बोलता कधी शब्द सापडते, नाही सापडला तरी काम होते. मला लगेच दुकानातली जाळी अन् झाकणी आठवू शकली असती, पण ते सगळं नंतरचं. तेव्हा फक्त चूप बसणं शिकलो, अन् तेच जास्त कठीण आहे, समोरचा माणूस शब्द शोधून राहिला असताना चूप बसून पाहा.

पोळ्याच्या संध्याकाळी आजी खाटेवरून म्हणे, "थे आण."

"काय आणू?"

"भितीवरचं... काचेतलं..."

मी आरसा काढायला गेलो. तिनं जोरात मान हलवली. बराच वेळ गेला. मग म्हणे, "बेल."

आजोबाचा फोटो काढून दिला. फोटो हा शब्द हरवलेला, अन् नाव तर ती तसंही घेणार नव्हती. डाव्या हातानं पदराचं टोक धरून काच पुसली, पदर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"धूळ," म्हणे. एकदम साफ.