मामाच्या गावाला, चार्ज शोधूया

पुण्याहून कोल्हापूरला इलेक्ट्रिक गाडी आणली. महामार्गावर काळजी नव्हती, हॉटेलांच्या आवारात आता चार्जर दिसायला लागलेत. खरी गंमत गावात. मुक्काम मामांकडे, शिवाजी पेठेत. गाडी लावायला जागा मिळाली हेच नशीब. मामा म्हणाले, "खिडकीतनं वायर सोड की, हाय काय अन् नाय काय!" पण १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला जेमतेम ३ युनिट जातात. ४० युनिटची बॅटरी भरायला रात्र पुरत नाही, आणि गल्लीत आडवी वायर टाकणं मला पटतही नाही.

मग हायवेकडच्या फास्ट चार्जरवर गेलो. तिथं पेट्रोलची गाडी उभी. वॉचमन निवांत: "मिसळ खायला गेल्यात, येतील की." आले. गाडी काढायच्या आधी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "किती देतीया?" राग कुठल्या तोंडानं धरायचा!

माझ्या पुढच्या माणसाची बॅटरी ८० टक्के भरली होती, तरी चार्जरची गन, म्हणजे गाडीला लावायचा प्लग, सोडेना. अहो, त्यानंतर बॅटरी जपायला वेग मुद्दाम कमी होतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी मागच्यांनी ताटकळायचं का? शिवाय प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, प्रत्येकात थोडे पैसे अडकलेले. चहावाल्याकडे जमतं तसं यूपीआय स्कॅन करून चार्जिंग सुरू व्हायला काय हरकत आहे?

रंकाळ्याच्या बाजूला पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंग देणारं एखादं लॉज माहीत असेल तर सांगा रे. दिवाळीत परत यायचंय.