मातीची ईसी मोजून घेतली, पण आकडा कशातला ते विचारत बसावं लागलं

झाडं संपतात त्याच्याही वरच्या गवताळ पट्ट्यातल्या मातीची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जास्त तितकी ती जास्त), मोजायची होती. कुरण कितपत धड आहे, कुठे जनावरं बसून बसून बिघडलंय, कुठे पायवाटेने, हे बघताना बाकीच्या मापांबरोबर हे एक स्वस्त आणि पटकन होणारं माप. चढणं, खणणं, पिशव्यांवर नंबर टाकणं सगळं नीट पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं लॅबमध्ये, आणि असं अडलं की आत्ता लिहितानासुद्धा डोकं फिरतंय.

रिपोर्ट आला. ईसीच्या कॉलममध्ये ०.०५, ०.०५, ०.०४, ०.०५ अशी रांग. युनिट नाही, माती किती नि पाणी किती ते नाही, तापमान नाही. शेरा मात्र प्रत्येक सॅम्पलपुढे न चुकता: "पिकांसाठी योग्य". अहो पण तिथे पीक घेतंय कोण! वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली असते ती जमीन.

फोन केला. "मॅडम, रिपोर्ट आमच्या फॉरमॅटमध्येच येतो." बरं, पाण्याचं प्रमाण काय घेतलंत? "स्टँडर्ड." कुठलं स्टँडर्ड? "जे असतं तेच मॅडम."

आता हे "जे असतं ते" म्हणजे काय बघा. आयएसओ ११२६५ या आंतरराष्ट्रीय मानकात १:५ आहे, म्हणजे एक भाग माती पाच भाग पाणी, हलवायचं आणि मोजायचं. बऱ्याच लॅब १:२ किंवा १:२.५ घेतात. आणि तिसरी पद्धत म्हणजे मातीचा संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरता भरलेला, लगदा करून त्यातलं पाणी ओढून घ्यायचं आणि त्याची ईसी बघायची. एकाच मातीचे तिन्हीकडे वेगळे आकडे येतात, पाणी जितकं जास्त तितका आकडा खाली, आणि नुसता गुणाकार करून एकावरून दुसरा काढता येत नाही कारण जास्त पाण्यात जास्त क्षार सुटतात आणि मातीचा पोत, सेंद्रिय भाग यांनीही फरक पडतो. ४ डेसीसीमेन्स पर मीटरच्या वर गेली की जमीन खारवट, असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते लगद्याच्या अर्काचं आहे, १:५ च्या आकड्याला ते लावू नका.

पण खरा वैताग दोन दशांश स्थळांचा. वरच्या पट्ट्यातली माती बर्फाच्या वितळत्या पाण्याने धुऊन निघालेली असते, त्यामुळे (चुनखडीचा भाग सोडला तर) ईसी मुळातच अगदी कमी. ४६ मायक्रोसीमेन्स पर सेंटीमीटर आणि ५४, हे दोन्ही डेसीसीमेन्स पर मीटरमध्ये (म्हणजे हजाराने भागून) दोन दशांशांत लिहिले की ०.०५ च होतात. म्हणजे मला जो फरक बघायचा होता तोच नेमका गोल करून टाकलेला! शेताच्या मातीला हे चालत असेल, तिथे खारवट आहे का एवढंच बघायचं असतं.

मग ईमेल, मग परत फोन, मग "सर रजेवर आहेत", मग आमच्याच पिशव्यांचे नंबर आम्हालाच विचारणं. माझा स्वर चढलेला होता हे कबूल, पण त्याशिवाय कुणी हललं नसतं. शेवटी बेंचवर काम करणाऱ्या एका मुलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि त्यात सगळं होतं: १:२.५, मीटरवरचं मूळ रीडिंग मायक्रोसीमेन्समध्ये, शेजारी तापमान. इतके दिवस ती वही तिथेच टेबलावर पडलेली!

मूळ आकडे लावून बघितले तर चित्र एकदम स्पष्ट. जनावरं रात्री बसतात त्या जागेची ईसी बाकीच्यांच्या चांगलीच वर, मूत्र आणि शेणातून येणारे क्षार. उशिरापर्यंत बर्फ साठून राहतो त्या खोलगट जागेची सगळ्यात कमी. पण वर म्हणजे वाईट आणि खाली म्हणजे चांगलं असं काही नसतं हं, ईसी फक्त विरघळलेले आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, किती ते सांगते, कुठले ते नाही. एकाच खडकावरच्या, एकाच उताराच्या जागा आपसात ताडून बघायच्या, सोबत पीएच, ओलावा आणि कुठली वनस्पती किती जमीन झाकते ते.

तर सॅम्पल द्यायच्या आधीच लेखी मागा: प्रमाण, युनिट, तापमान, मूळ रीडिंग. २५ अंशाला दुरुस्त केलेला आकडा आहे का तेही विचारा, कारण दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो, ५ अंशाच्या गार पाण्यात दुरुस्तीशिवाय मोजलं तर आकडा ४० टक्क्यांच्या आसपास कमी दिसेल.

स्वतः मोजणार असाल तर मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणाबरोबर ८४ च्या द्रावणावरही तपासा, आपले आकडे त्याच्याच जवळ असतात. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचंही रीडिंग लिहून ठेवा, इतक्या कमी आकड्यात कळकट बाटलीसुद्धा जाणवते.

जमिनीत थेट खुपसायचा प्रोब असतो ना, दगडाळ मातीत त्याच्या दांड्याभोवती फट राहते आणि रीडिंग काहीच्या काही येतं, शिवाय तो ओलाव्यासकट मोजतो, माती गोठली की आकडा धाडकन खाली. लॅबच्या आकड्याशी त्याची तुलना करायची नाही.

ओल्या पिशव्या उन्हात, गाडीत ठेवू नका, जिवाणूंचं काम चालू राहतं, नायट्रेट वाढतं आणि ईसीही. लवकर पसरून हवेवर वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. आणि उरलेली माती लॅबकडून परत मागून घ्या, नाहीतर लॅबवाले ती फेकून देतात.